हाताची रेघ आणि घरातली तबकडी



वसंत ऋतूत सायंकाळी जमून व्याख्याने ऐकण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. तेव्हापासून या व्यासपीठांवर पंडित बोलत आले आहेत. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण मार्केट यार्डातल्या हमालांच्या बैठकींत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. म्हणून आपल्या बिबवेवाडीच्या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला यंदा इतिहासावर बोलायला सांगितले, तेव्हा मी एखाद्या संपाचा इतिहास सांगेन अशी त्यांची समजूत झाली असावी. मी विषय कळवला तो असा : कार्टूनचे चित्रपट आपल्या घरांत कसे आले, आणि त्यांची घरात ठेवण्याजोगी प्रत कशी ओळखावी. चिटणीस म्हणाले, "भाऊ, हा तर पोरांचा विषय!"

पाहणारी पोरे असतात हे खरे. परंतु करणारी पोरे नसतात. ज्या धंद्यात एका सेकंदाच्या करमणुकीसाठी बारा, आणि कधी कधी चोवीस, चित्रे हाताने काढावी लागतात, तो धंदा चळवळीतल्या माणसाला परका कसा वाटावा? चित्रपटाची फीत सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने धावते. म्हणजे ऐंशी मिनिटांच्या चित्रपटात एक लाख पंधरा हजार दोनशे चौकटी होतात. एक चित्र दोन चौकटींना पुरवले तरी पात्रागणिक पन्नास-साठ हजार चित्रे झाली. ती कोणी काढली, कोणी गिरवली, कोणी रंगवली, आणि तबकडीवर त्यांतले किती उरले, एवढाच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे.

या इतिहासाचा प्रारंभ आपल्याच मुलखात आहे. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन परतले. भांडवल हवे होते, पण पैसा कोण देणार? दादासाहेबांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, त्याच्यासमोर कॅमेरा मांडला आणि रोप वाढेल तसतशी रोज थोडी थोडी चित्रे घेतली. महिन्याहून अधिक दिवसांची वाढ पडद्यावर मिनिटा-दोन मिनिटांत झाली. ते पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' निघाला. एक चौकट घ्यायची, थांबायचे, पुन्हा एक चौकट घ्यायची, हीच ॲनिमेशनची मूळ कृती. आपल्या चित्रपटसृष्टीला पहिले कर्ज मिळाले ते या कृतीच्या तारणावर, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. निर्जीव काड्या इकडून तिकडे सरकवायच्या आणि दर सरकवण्याला एक चौकट टिपायची. काडी हलते ती पडद्यावर. प्रत्यक्षात हलतो तो माणसाचा हात, आणि तो दिसत नाही. ही गोष्ट कृपा करून ध्यानात ठेवावी, मी तिच्याकडे परत येणार आहे.

'आगकाड्यांची मौज' आज पाहायला मिळत नाही. तिची प्रत उरलेली नाही. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे स्वतःच आगकाडीसारखी. त्यातून चित्रपट जुना झाला की त्याची फीत जपून ठेवायची असते हे कोणाच्या गावी नव्हते. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४च्या सुमारास 'जंबूकाका' नावाचे कार्टून केले. आपल्या शहरात झालेले हे कार्टून पाहिलेला माणूस मला भेटलेला नाही. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे मिळाले ते जमवले. म्हणून आज निदान त्यांतले काही आपण पाहू शकतो. २०१६ साली नायर निवर्तले. संग्रहालय म्हणजे काय, तर उशिरा जागे झालेल्या समाजाने घेतलेली हजेरी. जे तोवर गेले ते गैरहजर.

स्वातंत्र्यानंतर हा धंदा सरकारी आश्रयाने वाढला. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा विभाग उभा राहिला. १९५६ साली डिस्ने कंपनीत काम केलेले क्लेअर वीक्स हे गृहस्थ तेथे शिकवायला आले. त्यांचा जन्म हिंदुस्थानातलाच. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांत राम मोहन होते. जातककथेवरचा 'बनियन डिअर' हा त्या विभागाचा आरंभीचा नावाजलेला चित्रपट. १९७४ साली विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' हा सात मिनिटांचा चित्रपट केला. त्यात भीमसेन आणि राम मोहन यांची कला होती, आणि संगीत होते आपल्या प्रभातमध्ये घडलेल्या वसंत देसाई यांचे. आम्ही पोरे शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बसून दूरदर्शनवर तो पाहत असू. फासेपारध्याचे जाळे घेऊन सगळी पाखरे एकदम उडतात, तो प्रसंग कितीदा पाहिला याची गणती नाही. युनियन म्हणजे काय हे पुढे मला पुस्तकांतून कळले; पण त्याचा पहिला धडा त्या सात मिनिटांत मिळाला होता. आज दूरदर्शनची ती वेळ गेली आणि तो शेजारही गेला. परंतु तो चित्रपट उरला, कारण त्याची फीत कोणीतरी सांभाळली.

आता थोडा परदेशचा इतिहास. तो सांगितल्यावाचून तबकडी निवडण्याचा माझा नियम आपणांस पटणार नाही. १९३७ साली न्यूयॉर्कमध्ये फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओत, म्हणजे जेथे पोपायची कार्टूने होत असत तेथे, चित्रकारांनी संप केला. तो मे ते ऑक्टोबर चालला. त्याच वर्षाच्या अखेरीस डिस्नेचा 'स्नो व्हाइट' आला. त्यातील प्रत्येक रेघ पेन्सिलीवरून पारदर्शक पत्र्यावर शाईने गिरवली ती शेकडो तरुण मुलींनी. रंगही त्यांनीच भरले. पडद्यावर त्यांची नावे नव्हती. १९४१च्या मे महिन्याच्या शेवटी डिस्ने स्टुडिओतही संप झाला. पगार, बढती यांबरोबर एक मागणी अशी होती की काम करणाऱ्याचे नाव पडद्यावर यावे. 'फँटेशिया'तली नाचणारी अळंबी ज्याने नाचवली तो आर्ट बॅबिट हा पट्टीचा कलावंत युनियनच्या कामाबद्दल बडतर्फ झाला, आणि संपाचा भडका उडाला. अखेर सरकारी मध्यस्थीने युनियनला मान्यता मिळाली.

त्याच वर्षी 'डंबो' हा चित्रपट बाहेर पडला. त्यात काही विदूषक मालकाकडे पगारवाढ मागायला जातात. ती संपकऱ्यांची थट्टा आहे, असे मानले जाते. मला तो चित्रपट फार आवडतो, आणि त्या विदूषकांवर मी मनमोकळा हसतो. थट्टा सोसता आली नाही तर संघटना चालवता येत नाही.

जपानात याहून निराळे घडले. तोएई स्टुडिओच्या युनियनमध्ये इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी हे दोन तरुण पुढारीपण करीत होते. जगाने पुढे ज्यांना डोक्यावर घेतले त्यांची दोस्ती युनियनच्या कामात जमली. १९६८ साली ताकाहातांनी 'होल्स' नावाच्या मुलाची कथा पडद्यावर आणली. गावकरी एकमेकांवर संशय घेतात तोवर बर्फाचा राक्षस जिंकतो; एकत्र येतात तेव्हा तो हरतो. चित्रपट करतानाही धाकट्या चित्रकारांच्या सूचना मोकळेपणाने घेतल्या गेल्या. काम लांबले, मालक रागावले, आणि चित्रपट थिएटरांत फार दिवस टिकला नाही. तो जाणत्यांच्या नजरेत पुन्हा भरला तो पुढे; आणि मूळ जपानी आवाजांसह तो घरोघर पोचला तो तबकडीमुळे. थिएटरने ज्याला दहा-बारा दिवसांत निरोप दिला, त्याला तबकडीने आयुष्य दिले. हा घरगुती प्रतींचा मोठा उपकार आहे.

या घरगुती प्रती आपल्याकडे कशा आल्या? जपानात १९७६ साली व्हीएचएस कॅसेट निघाली. आपल्याकडे १९८२च्या एशियाडच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आणि व्हिडिओ यांचा सुळसुळाट झाला. अप्पर इंदिरानगरच्या गल्लीत गणपतीच्या मांडवात भाड्याचा व्हिडिओ आणून रात्रभर तीन-तीन चित्रपट आम्ही पाहिले. त्यानंतर १९९३ साली व्हीसीडी ठरली, १९९६ साली डीव्हीडी आली, २००६ साली ब्लू-रे. आपल्या वस्त्यांत राज्य केले ते व्हीसीडीने. २००७ साली मोझर बेअर कंपनीने अठ्ठावीस रुपयांना व्हीसीडी आणि चौतीस रुपयांना डीव्हीडी बाजारात आणली. हमालाच्या घरीसुद्धा चित्रपटांचा संग्रह होऊ लागला. या स्वस्ताईचा शेवटही सांगितला पाहिजे. ती कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. कामगारांच्या देण्यांना अग्रहक्क मिळावा म्हणून तेथील कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि २०२३ साली निकाल संघटनेविरुद्ध लागला. तबकडी आपल्या कपाटात अजून फिरण्याजोगी आहे. ती बनवणारे हात मात्र देणेकऱ्यांच्या यादीत उभे राहिले.

आता मी माझ्या वस्तीत घडलेली एक हकीकत सांगतो. मार्केट यार्डात कांदा निवडणाऱ्या आमच्या एका बाईंची मुलगी चित्रकलेत हुशार. तिने संगणकावरचे ॲनिमेशन शिकून मुंबईच्या एका स्टुडिओत काम धरले. काम असे : हाताने काढलेली चित्रे यंत्रातून संगणकात घ्यायची आणि चौकटीमागून चौकट रंग भरायचा. मजुरी चौकटीवर. दोन वर्षांनी तो चित्रपट पुरा झाला. थिएटरात तो आमच्या लोकांना पाहायला मिळाला नाही. पुढे त्याची व्हीसीडी निघाली. मी ती आणली आणि रविवारी वस्तीतल्या वाचनालयात सगळ्यांना जमवले. बाई नवे लुगडे नेसून पुढच्या रांगेत बसल्या. मुलगी सांगत होती, "आई, शेवटी नावे येतात, त्यात माझे आहे."

चित्रपट संपला. नायक हसला, आणि त्याच क्षणी पडदा निळा झाला. नावांची यादी कापलेली होती. व्हीसीडीवर चौऱ्याहत्तर मिनिटांच्या आसपासच मजकूर मावतो. दुसरी तबकडी घालण्याचा खर्च वाचवायला कोणीतरी शेपूट छाटले होते. मुलगी काही बोलली नाही. बाईच मला म्हणाल्या, "भाऊ, काम केलं ते मस्टरवर लागलं नाही व्हय?"

मी तीस वर्षे कामगारांत आहे. मस्टरवर नाव नसलेल्या माणसाला मालक काय म्हणतो ते मला पाठ आहे : हा आमच्याकडे कामाला नव्हताच. त्या दिवसापासून मी कार्टूनची तबकडी मस्टर तपासावे तशी तपासू लागलो. ती तपासणी आता आपल्यापुढे ठेवतो.

पहिली तपासणी : चित्रपट पुरा आहे का? वेष्टणावर मिनिटे छापलेली असतात, ती मूळ लांबीशी ताडून पाहावी. राम मोहन यांनी जपानच्या यूगो साको यांच्याबरोबर 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स राम' केला. १९९२ सालचा हा चित्रपट सव्वादोन तासांचा आहे. सुमारे साडेचारशे कलावंत त्यासाठी राबले. अमेरिकेत तो पुढे 'प्रिन्स ऑफ लाइट' या नावाने निघाला तो काटछाट होऊन. २०२५च्या जानेवारीत नव्याने स्वच्छ केलेली प्रत आपल्या थिएटरांत लागली, तेव्हा पुष्कळांना कळले की आपण पूर्वी पाहिले ते किती फिके होते. मात्र मिनिटे मोजताना एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडच्या दूरचित्रवाणीची पद्धत सेकंदाला पंचवीस चौकटींची, आणि चित्रपट चोवीसचा. जुन्या प्रतींत तो तसाच पळवलेला असतो. त्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. काही कापलेले नसते, फक्त घड्याळ पुढे केलेले असते.

दुसरी : चौकट पुरी आहे का? १९५९चा 'स्लीपिंग ब्यूटी' रुंद पडद्यासाठी काढलेला. जुन्या चौकोनी दूरचित्रवाणीवर तो पडदा भरून दाखवायचा तर रुंदीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कापावा लागतो. चित्रकाराने महिनोन्‌महिने रंगवलेले अर्धे अरण्य त्यात जाते. उलट 'स्नो व्हाइट' आणि 'डंबो' हे चौकोनीच आहेत. ते आजच्या लांबट पडद्यावर भरून दाखवले तर वरचा-खालचा मिळून चौथा हिस्सा जातो. म्हणून घरच्या पडद्यावर कडेला काळे पट्टे दिसले की पुष्कळ लोक रागावतात, तसे रागावू नये. काळा पट्टा म्हणजे कोणी काही चोरले नाही याची पावती.

तिसरी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती : रेघ शाबूत आहे का? व्हीसीडीच्या एका चौकटीत सुमारे एक लाख ठिपके, डीव्हीडीत चार लाख, ब्लू-रेत वीस लाखांवर. ठिपके अधिक तितकी रेघ स्पष्ट, हे साधे गणित. परंतु येथे फसवणूकही आहे. १९६१च्या 'एकशे एक डाल्मेशियन्स'मध्ये डिस्नेने पेन्सिलीची रेघ झेरॉक्सच्या तंत्राने थेट पत्र्यावर उमटवली. शाईने गिरवणाऱ्या बायकांचे काम त्यामुळे सुटले, ही त्या शोधाची काळी बाजू. परंतु चित्रकाराची मूळ, खरबरीत, जिवंत रेघ पडद्यावर आली, ही उजळ बाजू. आता या जुन्या चित्रपटांच्या नव्या प्रती काढताना फितीवरचे कण पुसण्यासाठी संगणक फिरवतात, आणि कणांबरोबर रेघाही पुसल्या जातात. १९६३च्या 'सोर्ड इन द स्टोन'ची २०१३ साली निघालेली ब्लू-रे याबद्दल जाणकारांच्या टीकेला पात्र झाली. वीस लाख ठिपके, आणि चेहरे मेणाचे! अशा वेळी जुनी साधी डीव्हीडी बरी. चकचकीत प्रत उत्तम असतेच असे नाही. ज्या प्रतीत माणसाचा हात थरथरलेला दिसतो ती उत्तम.

चौथी : मूळ आवाज आहे का? भाषांतरित आवाज असण्यास माझी हरकत नाही. लहान मुलांना आपल्या भाषेतच कळते. परंतु तबकडीवर दोन्ही मावत असतील तर दोन्ही असावेत. घरचा जेवणारा आणि पाहुणा, दोघांनाही वाढावे.

पाचवी : शेवटी मस्टर आहे का? नावे पुरी येतात का, वाचण्याजोगी येतात का? दुकानदाराला तबकडी लावून शेवट दाखवायला सांगावे. तो आपल्याला वेडा म्हणेल. म्हणू द्यावे.

आता कोणी म्हणेल, हे सारे कालबाह्य झाले. आता तबकडी कोण घेतो, सारे फोनवर मिळते. बिबवेवाडीतली तबकड्या भाड्याने देणारी दुकाने बंद होऊन बरीच वर्षे झाली हे खरे. परंतु फोनवर मिळते ते आज मिळते, करार संपला की उद्या मिळत नाही. शिवाय शेवटची नावे सुरू झाली की पुढचा चित्रपट आपोआप लागतो, हे आपण रोज पाहतो. कात्री गेली, पण कापणे गेले नाही. म्हणून मी रविवारी जुन्या बाजारात जातो. लोखंडी बिजागऱ्या आणि जुने नळ यांच्या शेजारी तबकड्यांचे ढीग विकायला असतात. उजेडाकडे धरून चरे पाहावेत, कडेला तपकिरी डाग पडला असेल तर घेऊ नये, आणि घरी आणल्यावर उन्हापासून दूर, उभी ठेवावी.

अशाच एका ढिगात तीन वर्षांपूर्वी मला त्याच चित्रपटाची डीव्हीडी सापडली. मुलगी आता धंद्यात बरीच पुढे गेली आहे. तिच्या हाताखाली माणसे आहेत. तिला बोलावले, तिच्या आईला बोलावले. यादी शेवटी होती, परंतु इंग्रजीत आणि फार घाईने वर सरकणारी. मी चित्र थांबवले. मुलीने पडद्यावर बोट ठेवले. रंग भरणाऱ्यांच्या चार ओळींत तिसऱ्या ओळीत तिचे नाव होते. बाईंना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी बोटाच्या जागेकडे पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, "हिच्या वरची आणि खालची कोण?" मुलीने एकेकीचे नाव घेऊन सांगितले, कोण कोठून येत असे, कोणी लग्नानंतर काम सोडले, कोणाचे डोळे बिघडले. चित्रपट ऐंशी मिनिटांचा, पण त्या चार ओळी वाचायला आम्हांला एक तास लागला.

दादासाहेबांच्या आगकाड्या गेल्या, प्रभातचा जंबूकाका आज पाहायला मिळत नाही. त्या काड्या सरकवताना कोणी दिवा धरला होता, कोणी कुंडीला पाणी घातले होते, ते आता कोणी सांगू शकणार नाही. जे गेले त्याला इलाज नाही. परंतु जे आपल्या कपाटात आहे त्याचे आपण राखणदार आहोत. तेव्हा आज घरी गेल्यावर मुलांना कार्टून लावून द्याल तेव्हा एवढेच करा : शेवट आला की उठू नका. नावे संपेपर्यंत बसा.